लुईझाचा अंगठा आणि तरंगिणीचा शेअर

१

मे महिन्यातल्या एका रविवारी माझ्या फ्रिजमधून लुईझाची मलमाची डबी नाहीशी झाली, आणि त्या वेळी घरात जी माणसं होती त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला त्या डबीत रस होता.

ही सगळी माणसं मीच चहाला बोलावलेली. विरार पूर्वेला, फुलपाड्यात, आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर दर रविवारी माझ्याकडे मंडळ भरतं. भजनी नव्हे, शेअरचं. पैसे ज्याचे त्याचे, खाती ज्याची त्याची. एकत्र करायचा तो फक्त विचार. नियम एकच. कंपनी काय बनवते आणि कोणाला विकते हे ज्याला साध्या मराठीत सांगता येत नाही, त्याने तो शेअर घ्यायचा नाही. हा नियम हिल्डाटीचरांचा. त्या निर्मळच्या. गणित शिकवून निवृत्त झाल्या, तरी समोरच्याकडे अजून गृहपाठ राहिलाय अशाच नजरेनं बघतात. स्कूटरवरून येतात, येताना वाडीतल्या केळ्यांची फणी आणतात, आणि आम्हाला स्वस्तात काहीतरी मोठं मिळतंय असं वाटायला लागलं की नेमका प्रश्न विचारून आमचं नुकसान वाचवतात. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार करते. उघड केलेला त्यांना आवडत नाही.

अर्नाळ्याची लुईझा मंडळात आली तीही एका प्रश्नामुळेच. मासळी द्यायला दारात उभी असताना आमची चर्चा ऐकून तिनं विचारलं होतं, ही कंपनी माल इकते का नुसती सपनं? त्या दिवशी आम्ही ती कंपनी सोडली आणि लुईझाला खुर्ची दिली.

गेले काही महिने मंडळात एकच नाव होतं, तरंगिणी लाइफसायन्सेस. मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमांवर त्यांनी मलम काढलंय. चाचणी शेवटच्या टप्प्यात, निकाल यायचा. निकाल चांगला आला तर शेअर आभाळाला भिडणार, नाही आला तर विहिरीत. आणि योगायोग असा की त्या चाचणीत आमची लुईझाच होती. तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम वर्षभर भरत नव्हती. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की यानं भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. चाचणी म्हणजे काय हे लुईझानंच आम्हाला समजावलं. मी या विषयावर इंग्रजी लेख डिक्शनरी घेऊन वाचले होते, पण एवढं सोपं कुठं सापडलं नव्हतं.

"अर्ध्या लोकांच्या वाटीत मासा, अर्ध्यांच्या वाटीत नुसता रस्सा," ती म्हणाली. "रंग तोच, वास तोच. वाढनारीला पन म्हायत नाय कोनाला काय गेलं."

तिच्याबरोबर चाचणीत बर्थाही होती. बर्था म्हणजे तिची धंद्यातली जोडीदारीण. पहाटे बंदरावर लिलावात जिला जे मिळेल ते दोघी एकाच पाटीत ओततात, विकतात आणि शेवटी निम्मं निम्मं करतात. कोणी किती आणलं हे त्यांच्यात विचारलं जात नाही. बर्थाच्या टाचेला जखम होती. ती मंडळात नव्हती. आमची चर्चा चालू असताना ती खाली गल्लीत पाटी सांभाळायची.

तर त्या रविवारी लुईझानं नेहमीप्रमाणे थर्मासमधून डबी काढून माझ्या फ्रिजमध्ये ठेवली. मलम थंड ठेवावं लागतं, आणि रविवारी मलमपट्टीची वेळ व्हायची तेव्हा ती अर्नाळ्याऐवजी माझ्याकडे असायची. चहा झाला. दुसऱ्याचे कप बाहेर आले तेवढ्यात बर्था लिफ्टनं वर येऊन मासळी कुठली ठेवू विचारून गेली. मी मांदेली सांगितली. ती स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली आणि हाशहुश करत खाली गेली. दुसरा चहाही संपला. मंडळ त्या दिवशी लवकर आटोपलं, म्हणून लुईझा लवकर पट्टी करायला उठली. तिनं फ्रिज उघडला, आणि बराच वेळ ती तशीच उघड्या फ्रिजसमोर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिची तपासणी होती. डबी दाखवावी लागते, तिचं वजन करतात. डबी हरवली तर चाचणीतून नाव जाण्याची भीती, आणि अंगठा तर आता कुठं भरायला लागला होता.

"ताय," तिनं मला हळूच विचारलं, "तू उचलून ठेवलीस का गो?"

मी उचलली नव्हती.

२

हिल्डाटीचरांनी आधी दाराला आतून कडी लावली. मग बसल्या आणि चष्मा पुसला. वर्गात कोणी कॉपी केली की त्या असंच करत असणार.

"उत्तर नंतर," त्या म्हणाल्या. "आधी दिलेलं काय आहे ते बघू."

दिलेलं असं होतं. खोलीत लुईझा, टीचर आणि मी सोडून तिघं. पहिले चंद्रहास राणे, बँकेतून निवृत्त, दुसऱ्या मजल्यावर राहणारे. दुसरा सुमेध, बोईसरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारा. तिसरी समोरच्या दारातली ऋतिका. ती ऑफिसातून आल्यावर शेअरबाजारावर छोटे छोटे व्हिडिओ करते, आणि तिला म्हणे आमच्या बिल्डिंगीबाहेरही लोक बघतात.

राण्यांवर माझा पहिला संशय गेला, आणि त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं. ईस्टरनंतर लुईझाचा अंगठा भरायला लागला तेव्हापासून राणे दर रविवारी नमस्काराच्या आधी अंगठ्याची चौकशी करायचे. अंगठा गुलाबी, तर तरंगिणी घ्यावा. अंगठा जरा सुजला, तर थांबावं. एकदा तर त्यांनी तिला चप्पल काढून पाय उजेडात धरायला लावला होता. लुईझानं धरला, आणि वर सांगितलं की बघन्याचे पैसे पडतील.

टीचरांनी विचारलं तेव्हा राणे चिडले. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, त्यात काय, म्हणाले. मग टीचर काहीच न बोलता त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि चाळीस वर्षं बँकेत काढलेला तो माणूस आपोआप बोलायला लागला. हो, डबीत खरं औषध आहे का साधं मलम हे कळावं असं वाटत होतं. हो, सुमेधला तसं विचारलंही होतं. निवृत्तीची बरीचशी रक्कम त्यांना या एका शेअरमध्ये घालायची होती. मुलाच्या आजारपणात बरंच गेलं होतं आणि ते भरून निघायची ही शेवटची संधी असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. बोलून झाल्यावर ते टेबलक्लॉथवरची वेल बोटानं गिरवत बसले, आणि माझा संशय पाघळला.

"पण डबी मी घेतली नाही," ते म्हणाले. "हात लावायची हिंमत झाली नाही."

टीचरांनी मान हलवली आणि नजर दुसरीकडे वळवली.

"सुमेध, बाकी दिवशी तुझी बॅग चपलांजवळ असते. आज मांडीवर का?"

सुमेधचं तोंड उतरलं. त्यानं बॅगची चेन उघडली आणि आतून झाकणाची एक छोटी प्लास्टिकची कुपी काढून टेबलावर ठेवली. कुपीत पांढरं मलम होतं.

३

 लुईझानं पाय खुर्चीखाली घेतला.

सुमेधनं सांगून टाकलं. पहिल्या चहाच्या वेळी तो स्वयंपाकघरात गेला होता, डबी उघडली, नखभर मलम घेतलं, झाकण लावलं, डबी जागेवर ठेवली. सोमवारी प्रयोगशाळेत साहेबांची नजर चुकवून बघणार होता. राण्यांसाठी नाही, स्वतःसाठी. त्याचं लग्न ठरलं होतं आणि विरारमध्ये एक खोली-स्वयंपाकघरसुद्धा आवाक्यात नव्हतं. पण डबी त्यानं नेली नव्हती, आईशप्पथ, काकू, तो मला म्हणाला.

राणे म्हणाले, चोर सापडला. ऋतिकानंही तसाच चेहरा केला.

"नाही सापडला," टीचर म्हणाल्या. "ज्याला तपासायचं आहे त्याला नखभर पुरतं, आणि ते ह्याला मिळालं होतं. डबी नेली तर बोभाटा होणार. मिळाल्यावर बोभाटा कशाला करील?"

मला हा मुद्दा इतका आवडला की मी टाळीच वाजवणार होते. एवढ्यात बेल वाजली. कडी काढली तर दारात बर्था, हातात साफ केलेल्या मांदेलीचं पातेलं. एरवी ती मला ढकलून सरळ फ्रिजपर्यंत जाते. आज तिनं खोलीतले चेहरे बघितले, उघडा फ्रिज बघितला, पातेलं दारातच माझ्या हातात दिलं आणि पाटीवर कोन नाय म्हणत वळली.

टीचर तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ऋतिकाला विचारलं, तू काय केलंस?

ऋतिकानं काही केलं नव्हतं, फक्त फोटो काढला होता. दुसरा चहा आणायला ती मला मदत करत होती तेव्हा फ्रिज उघडून तिनं डबीचा एक फोटो घेतला, व्हिडिओत लावायला. लुईझाचं नाव येणार नव्हतं, फक्त अंगठा. लुईझा म्हणाली, अंगठा तरी कशाला सोडला मंग.

फोटो फोनमध्ये होता. डबी माझ्या कोथिंबिरीला टेकून बसलेली, झाकण जरासं तिरकं. म्हणजे सुमेधचा हात लागून गेल्यानंतरचा. राणे पाणी प्यायले तेही याच्या आधी. फोटो काढल्यावर ऋतिका आणि मी चहाचे कप घेऊन बाहेर आलो, आणि त्यानंतर मंडळ संपेपर्यंत कोणीही जागचं उठलं नव्हतं. हे सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडावर मान्य केलं. मीही.

"म्हणजे मग डबी काय चालत गेली?" राणे म्हणाले.

४

टीचरांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. मला वाटलं, फ्रिज तपासायचाय. त्यांनी मांदेलीचं पातेलं तपासलं.

"तू मासळी कशी सांगतेस?" त्यांनी विचारलं.

हा काय प्रश्न झाला, असं मला वाटलं. पण टीचरांचे असले प्रश्न महाग असतात म्हणून मी नीट उत्तर दिलं. आधी बर्था खालून हाक मारायची, मी खिडकीतून सांगायची, अख्खी बिल्डिंग ऐकायची. वर यायची ती साफ केलेली मासळी द्यायलाच. हल्ली ती विचारायलाही स्वतः वर येते. मग साफ करून परत घेऊन येते.

"हल्ली म्हणजे?"

मी आठवलं. ईस्टरच्या पुढच्या आठवड्यात ती विचारायला पहिल्यांदा वर आली होती, कारण येताना घरची गोडधोडाची पुडी घेऊन आली होती. म्हणजे दर रविवारी दोन खेपा. आजही पहिली खेप झाली होती, आणि ती कधी झाली ते मी आठवायला लागले. ती आली तेव्हा दुसऱ्या चहाचे कप मी नुकतेच बाहेर आणले होते. म्हणजे फोटोनंतर. कोणीही जागचं उठलं नव्हतं हे खरं होतं. कोणी आलं होतं का हे आम्ही कोणी स्वतःला विचारलंच नव्हतं. बर्थाचं येणं हे दूधवाल्याच्या येण्यासारखं; ते घडतं, दिसत नाही.

"पण टीचर, बर्था कशाला नेईल? तिच्याकडे स्वतःची डबी आहे."

"तेच तर दिलेलं आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. "लेंटच्या उपासात, ईस्टरच्या आधी, बर्था जिन्यानं वर यायची ना? लिफ्टला हसायची."

हो. टाच भरत आली म्हणून मिरवायची. तीन जिने चढून येऊन दाखवायची. त्या वेळी लुईझाचा अंगठा कडेनं काळा पडला होता, आणि ती सगळ्यांचं ऐकून घेत गप्प बसायची.

"आणि आता?"

आता बर्था लिफ्टनं येत होती, आणि तरी हाशहुश करत होती.

टीचर बोटांवर मोजत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी माझा हात धरून माझ्या बोटांवर मोजून सांगितलं. पूर्ण डबी नेणाऱ्याला एकतर अख्खी डबी हवी असते, नाहीतर ती परत ठेवायची असते. दोन खेपा करणारं माणूस एकच. ईस्टरला लुईझाचा अंगठा भरायला लागला. ईस्टरलाच बर्थाच्या दोन खेपा सुरू झाल्या. आणि बर्थाची टाच ईस्टरलाच भरायची थांबली. आज मंडळ लवकर संपलं नसतं, तर दुसऱ्या खेपेला डबी जागेवर आली असती आणि आम्हाला कधीही काही कळलं नसतं.

मी पदर खोचला आणि त्यांच्या मागे निघाले. दारात वळून बघितलं तर लुईझाही चप्पल घालत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

५

बर्था पाटीमागे बसली होती. आम्हाला तिघींना बघून तिनं आधी एका गिऱ्हाइकाला कोलंबी मोजून दिली, पैसे घेतले, मग बर्फाच्या खोक्याचं झाकण उघडलं. आत दोन डब्या शेजारी शेजारी होत्या. बाजूला स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला एक चमचा आणि छोटी स्टीलची वाटी.

"चमचा उकळून घेते," ती टीचरांना म्हणाली. जणू शंका तेवढीच होती.

टीचरांनी सगळं हळू आवाजात विचारलं. बर्थानं लपवलं नाही. फेब्रुवारीत टाच भरायला लागली तशी तिला कळलं की मासा आपल्या वाटीत आलाय. लुईझाचा अंगठा मात्र काळा पडत चाललेला. लेंटभर ती बघत राहिली. शेवटी ईस्टरनंतर तिनं ठरवलं. दर रविवारी लुईझाची डबी आणायची, दोन्ही डब्यांतलं वाटीत काढायचं, कालवायचं, निम्मं निम्मं भरायचं. डब्यांवरचे नंबर ज्याचे त्याच्यापाशी, वजन जुळतं. लुईझाच्या घरी सून फ्रिजवरून नजर काढत नाही, म्हणून रविवार आणि माझं स्वयंपाकघर.

लुईझा उभीच होती. गल्लीतून रिक्षा जात होत्या, एक बाई पापलेटचा भाव विचारत होती.

"मला इचारलं का नाय?" लुईझा म्हणाली.

"इचारलं असतं तर घेतलं असतंस?"

"नाय."

"मंग."

"माझ्या डबीत जे आलं ते माझं. तू कोन वाटनारी?"

बर्थाला तेव्हा राग आला. मी तिला एवढी रागावलेली कधी पाहिली नव्हती. "सुरमय तुझी नि मांदेली माझी असं कवा केलं आपन?" ती म्हणाली. "चोवीस वरसं पाटी एक. आनि आता पायापुरती येगली करू?"

लुईझा खाली बसली. बसली म्हणजे रस्त्यावरच बसली, पाटीच्या या बाजूला, गिऱ्हाइकाच्या जागी. तिनं बर्थाचा पाय ओढून मांडीवर घेतला, प्लास्टिकची पिशवी सोडली, पट्टी सोडली, आणि टाच बघितली. ईस्टरला पावलीएवढी उरलेली जखम अजून तेवढीच होती, कडेनं ओली. लुईझानं ती बघितली आणि पट्टी परत बांधली. 

मी मासळीकडे बघत राहिले. माझ्या चष्म्यावर काहीतरी आलं होतं.

६

डबी मिळाली, आता उद्या दाखवून टाक, विषय संपला, असं मी म्हटलं. माझं मन तेवढ्यावरच धावलं होतं. वर घरात येऊन सगळं सांगितलं, तर राणे येरझारा घालायला लागले आणि त्यांचं डोकं माझ्यापेक्षा जलद चाललं होतं.

म्हणजे बघा, ते म्हणाले. लुईझाबाईंच्या डबीत साधं मलम, अंगठा काळा. त्याच अंगठ्याला खरं औषध लागलं, अंगठा गुलाबी. म्हणजे औषध काम करतं. हे बाजारात कोणालाही ठाऊक नाही, कंपनीलासुद्धा नाही. फक्त आपल्याला. उद्या बाजार उघडताच घेतलं तर...

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. सुमेधनं वर बघितलं. ऋतिकाचा हात फोनवर होता. खरं सांगायचं तर माझ्याही मनात क्षणभर लख्ख उजेड पडला. असं ज्ञान आयुष्यात एकदाच हाती लागतं.

"बरोबर," टीचर म्हणाल्या. "आता उरलेलं गणित करा. लुईझा उद्या काही न बोलता डबी दाखवते. कागदावर काय लिहिलं जाईल?"

 टीचरांनीच पुढे सांगितलं. कागदावर लिहिलं जाईल की साधं मलम लावलेल्या बाईची जखम भरली, आणि खरं औषध लावलेल्या बाईची भरता भरता थांबली. जिचं औषध खरं, तिनं ते वाटलं म्हणून तेच खोटं दिसणार. चाचणीत काही हजारो माणसं नाहीत. चार ठिकाणी असं झालं तर पारडं फिरू शकतं.

बर्था दाराशी उभी होती. पाटी शेजारणीकडे सोपवून दोघी वर आल्या होत्या. तिनं टीचरांना विचारलं.

"म्हंजे माझ्यापायी औषध खोटं ठरल?"

"ठरू शकतं."

"आनि मंग ते कोनालाच भेटनार नाय."

टीचरांनी मान हलवली. त्यांनी तिला तू सांगायलाच हवंस असं म्हटलं नाही. सांगितलं तर काय होईल ते मात्र सांगितलं. दोघींच्या डब्या काढून घेतील. नाव जाईल. लुईझाचा अंगठा भरत आलाय, पण पुरता नाही. बर्थाची टाच तर अर्धी उघडी. त्यानंतर साधी पट्टी आणि नशीब.

पाय आमचे नव्हते, म्हणून ठरवणंही आमचं नव्हतं.

बर्थानं लुईझाकडे बघितलं. लुईझा म्हणाली, "माझ्याकडं काय बघतेस? येकटीनं सुरू केलंस, आता येकटी जाशील का? उद्या माझ्याबरोबर चल."

तेवढ्यात राण्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना पुढची सगळी वर्षं पहिला चहा देणार आहे. त्यांनी टेबलावरची सुमेधची कुपी उचलली, बेसिनपाशी गेले, आणि नळ मोठा सोडून ती धुतली. मग परत येऊन सगळ्यांदेखत म्हणाले की निकाल येईपर्यंत तरंगिणीचा शेअर मंडळात कोणी घ्यायचा नाही. दुसऱ्याच्या पायावरून आलेली बातमी आहे ही, आपली नव्हे.

मग लुईझाला विचारलं, उद्या किती वाजता निघायचं? गाडी काढतो.

७

इस्पितळातलं मला लुईझानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं, आणि पहिल्यांदा बर्थाची टाच बघितली. रागावल्या नाहीत. असं आणखी कितीतरी जण करत असतील, सांगायला मात्र तुम्हीच आलात, म्हणाल्या. डब्या काढून घेतल्या. दोघींचे आकडे निकालात कसे धरायचे ते वरून ठरेल, पण झालेलं जसंच्या तसं लिहिलं जाईल. डबीत काय होतं हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. साध्या पट्ट्या मात्र तिथंच होत राहतील.

लुईझाचा अंगठा जुलैत पुरता भरला. बर्थाची टाच हट्टी निघाली. होड्या किनाऱ्याला लागल्या, पावसाळा गेला, होड्या परत पाण्यात गेल्या, तरी तिची पट्टी चालूच. लुईझानं तिला पाटीमागे उभं राहू दिलं नाही. बर्था स्टुलावर बसून पैसे घ्यायची आणि लुईझा भाव चुकीचा सांगते म्हणून ओरडायची. वाटे तसेच निम्मे.

आणि राणे एक दिवसाआड गाडी घेऊन अर्नाळ्याला जायचे. गाडीला मासळीचा वास येतो अशी तक्रार ते फुलपाड्यात प्रत्येकाकडे करायचे, आणि दुसऱ्या वेळेस पुन्हा जायचे. लुईझाच्या अंगठ्याचा रंग विचारणारा हा माणूस आता बर्थाच्या टाचेबद्दल नर्सशी वाद घालायचा. पट्टी फार घट्ट बांधली, म्हणायचा.

तरंगिणीचा निकाल नवरात्रात आला. राणे इस्पितळाच्या बाकावर बसले होते तेव्हा फोन वाजला. औषध लागू पडलं होतं. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना. सरकारी परवानगीसाठी अर्ज होणार होता. शेअर सकाळीच इतका वर गेला होता की विकायला कोणी तयार नव्हतं. राण्यांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि म्हणे बराच वेळ समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र बघत बसले.

दार उघडून बर्था बाहेर आली. पायात दोन्ही चपला होत्या. पुढच्या आठवड्यापासून येऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

राण्यांनी तिला निकाल सांगितला. ती बाकावर त्यांच्या शेजारी बसली, आणि ते दुकानात कधी मिळेल एवढंच तिनं विचारलं. वर्षभर तरी लागेल, राणे म्हणाले. बर्था बोटांवर कोणाकोणाला लागेल ते मोजायला लागली. अर्नाळ्यातली, पाचूबंदरची, तिच्या माहेरची. मग मध्येच थांबून तिनं त्यांच्याकडे बघितलं.

"तुमी घेतला व्हता का तो शेअर?"

"नाही."

"बरं केलंत," बर्था म्हणाली. "मोठे शेठ झाला असतात तर मला गाडीतनं कोनी आनलं असतं?"

राणे हसले नाहीत. गाडीची किल्ली शोधायला त्यांनी दोन्ही खिसे तपासले, आणि ती हातातच होती.